जेवणाची वेळ कुणाची?

फ्रान्समधल्या लिओं (Lyon) शहरातल्या ऑफिसातला माझा पहिला आठवडा. दुपारचे साडेबारा वाजले होते, एक ईमेल अर्धवट राहिला होता, म्हणून मी टेबलावरच डबा उघडला. न्यू जर्सीत सोळा वर्षं मी अशीच जेवत आले होते. डाव्या हाताला डबा, उजव्या हातात माऊस. समोरच्या टेबलावरच्या बाई उठून माझ्यापाशी आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "मादाम, इथे नाही जेवायचं."

मला वाटलं, फोडणीचा वास गेला. परदेशात चारचौघांत डबा उघडणाऱ्या आपल्या बायकांच्या पोटात ही धास्ती कायम असते. मी घाईघाईने झाकण लावलं आणि माफी मागितली. बाईंना काही कळेना. वासाबद्दल त्या बोलतच नव्हत्या. "कायदा आहे तसा," त्या म्हणाल्या. "कामाच्या जागी जेवायला मनाई आहे. चला, आम्ही सगळे खाली चाललोय. डबा घेऊन चला."

घरी आल्यावर मी शोधून पाहिलं. खरंच कायदा होता. फ्रान्सच्या कामगार कायद्यातलं कलम आर 4228-19 : कामासाठी राखलेल्या जागेत कामगारांना जेवू देऊ नये. त्याचं मूळ 1894 च्या एका आदेशात आहे. तेव्हाच्या कारखान्यांत धूळ, विषारी द्रव्यं, कोंदट हवा. दुपारी माणसं बाहेर काढायची, खिडक्या उघडायच्या, हे डॉक्टरांचं सांगणं होतं. कारखाने गेले, ऑफिसं आली, संगणक आले, कलम राहिलं. कोरोनात, फेब्रुवारी 2021 मध्ये, सरकारने ही मनाई तात्पुरती उठवली. न्यू जर्सीत मी रोज करत होते ती गोष्ट करू देण्यासाठी इथे वेगळा आदेश काढावा लागला.

माझा जन्म सांगलीचा. चोविसाव्या वर्षी लग्न करून अमेरिकेत गेले, मुलं तिथे झाली, पासपोर्ट तिथला झाला. नवऱ्याच्या नोकरीमुळे लिओंला आलो त्याला आता सात वर्षं झाली. इमारतीत मला 'अमेरिकन बाई' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. माझ्या जेवण्याच्या, बाजार करण्याच्या, मुलांना खाऊ घालण्याच्या सवयी इथे आले तेव्हा पक्क्या अमेरिकन होत्या. गाडीत खाणं, चालता चालता खाणं, रविवारी सात दिवसांचा स्वयंपाक करून डब्यांत भरून फ्रीजरला लावणं, आणि तरीही मुलांना घरचं ताजं देत नाही म्हणून मनात कुढणं.

इथे राहणाऱ्या माझ्या अमेरिकन मैत्रिणींमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. फ्रेंच बायकांना हे जमतं कसं? नोकऱ्या त्याही करतात, मुलं त्यांनाही आहेत, मग संध्याकाळी साडेसातला टेबलावर गरम सूप, सॅलड, चीज कसं येतं? उत्तरही ठरलेलं असतं: संस्कृती. त्यांच्या रक्तातच आहे. आजीकडून नातीकडे आलेलं आहे. मला हे उत्तर पटत नाही. शिवाय ते बायकांवर अन्याय करणारं आहे, म्हणूनच हा लेख लिहिते आहे. घरचा स्वयंपाक रक्तात असतो असं एकदा मानलं, की ज्या घरात तो होत नाही तिथल्या बाईच्या रक्तात काही कमी आहे असा अर्थ निघतो. अमेरिकेत हे मी सोळा वर्षं सोसलं. पुण्यामुंबईतल्या माझ्या बहिणी आज सोसत आहेत.

माझं म्हणणं असं आहे की फ्रान्समधला घरचा स्वयंपाक घराबाहेरच्या गोष्टींनी तोलून धरला आहे. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुपार.

आमचा धाकटा इथल्या प्राथमिक शाळेत दाखल झाला तेव्हा सात वर्षांचा होता. न्यू जर्सीत त्याच्या शाळेत जेवायला पंचवीस मिनिटं मिळायची, त्यातली काही रांगेतच जायची. मी दिलेलं सफरचंद एक चावा घेतलेलं परत यायचं. मला राग त्याचा यायचा, नंतर स्वतःचा. आकर्षक दिसावं म्हणून मी काकडीच्या चांदण्या कापायचे. पंचवीस मिनिटांत सात वर्षांच्या मुलाचं जेवण होत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, कारण शाळेतून येणाऱ्या प्रत्येक कागदावर पौष्टिक डबा ही पालकांची जबाबदारी म्हणून छापलेली असायची.

इथे प्राथमिक शाळेत दुपारची सुटी किमान दीड तासाची असते. शाळेच्या कँटीनमध्ये काय वाढायचं याचे नियम 2011 साली देशभर लागू झाले. लागोपाठच्या वीस जेवणांचा हिशेब धरतात. वीसांत तळलेले पदार्थ चारपेक्षा जास्त वेळा नकोत. कच्च्या भाज्या किंवा फळं किमान दहा वेळा हवीत. पाव हवा तेवढा, पाणी हवं तेवढं. मीठ, केचप, मेयोनीज मात्र मुलांनी स्वतः घ्यायचं नाही. खाण्यापिण्याची स्वयंचलित यंत्रं शाळांतून 2005 सालीच हद्दपार झाली. पुढे 2018 च्या कायद्याने सार्वजनिक कँटीनमधला निम्मा माल दर्जेदार किंवा पर्यावरणाला धरून पिकवलेला आणि एकूण मालातला 20 टक्के तरी सेंद्रिय असावा असं लक्ष्य घातलं, आणि आठवड्यातून एक जेवण शाकाहारी ठरवलं. सगळ्या गावांना हे जमलेलं नाही. पण नियम आहे, आणि पालक सभेत तो हातात घेऊन भांडतात.

शाळेच्या फाटकावर आठवड्याचा मेन्यू लावलेला असतो. सोमवारी किसलेलं गाजर व्हिनेग्रेट घालून, मग मासा आणि भात, मग चीजचा तुकडा, मग फळ. मंगळवारी मसूर, दही, नासपती. मुलं गोल टेबलांशी बसतात, एक मूल सगळ्यांना पाणी वाढतं, पुढची ताटली येईपर्यंत थांबावं लागतं. घरून डबा आणायला परवानगी नाही. ॲलर्जीसारखं वैद्यकीय कारण असेल तरच. पहिल्या दिवशी हे ऐकून मी घाबरले होते. तिसऱ्या आठवड्यात मुलगा बीट खाऊन आला.

याचा घरच्या चुलीशी संबंध काय? फार थेट संबंध आहे. मुलगा शाळेत चार पदार्थांचं गरम जेवण जेवला आहे, मुलगी तिच्या शाळेत जेवली आहे, नवरा आणि मी आपापल्या ऑफिसात बसून जेवलो आहोत. मग रात्रीच्या जेवणावर सगळ्या दिवसाचा भार पडत नाही. इथल्या घरांत रात्री जे शिजतं ते इतकं साधं असतं की पहिल्यांदा पाहून माझी निराशा झाली होती. लीक (कांद्याच्या जातीची जाड पात) आणि बटाट्याचं सूप. ऑम्लेट आणि हिरवी पानं. फ्रीजमधलं उरलेलं काहीतरी, वर चीज घालून ओव्हनमध्ये. मग दही किंवा एक संत्रं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. तासन् तास शिजणारे पोतोफ, ब्लांकेत वगैरे मांसाचे रस्से रविवारी. अमेरिकेत रात्रीचं जेवण हे दिवसातलं एकमेव खरं जेवण असायचं, आणि त्यात दुपारची सगळी उणीव भरून काढायची असायची. प्रथिनं, भाज्या, गप्पा, मुलांचं वळण, सगळं सहा ते सात या तासात. तो तास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे फ्रेंच माणूस दिवसाचे दोन तासांहून जास्त खाण्यापिण्यात घालवतो आणि अमेरिकन साधारण एक तास. हे दोन तास हौसेने वाढवलेले नाहीत, कुणीतरी मोकळे करून ठेवलेले आहेत.

पावाचं उदाहरण घ्या. आमच्या इमारतीतल्या एकाही घरात पाव भाजला जात नाही, तरी प्रत्येक जेवणाला ताजा पाव असतो. 1993 च्या आदेशाने 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून काय विकता येईल हे ठरवून दिलं: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, आंबवण, गोठवलेला चालणार नाही. 1998 च्या कायद्याने तर बूलांजरी, म्हणजे पावाचं दुकान, ही पाटीच राखून ठेवली. जो दुकानात स्वतः पीठ मळतो, आंबवतो, वळतो आणि भाजतो त्यालाच ती लावता येते. बाहेरून गोठवलेली कणीक आणून भाजणाऱ्याला नाही. त्यामुळे सुपरमार्केटच्या रेट्यातही कोपऱ्यावरचा पाववाला टिकला. मी कामावरून येताना एक युरोच्या आसपास एक 'बागेत', म्हणजे काठीसारखा लांब पाव, घेते, तिचं टोक रस्त्यातच मोडून खाते, आणि माझ्या रात्रीच्या स्वयंपाकाचा तिसरा हिस्सा तिथेच झालेला असतो. आपल्याकडे पोळ्यांना किती वेळ लागतो, तो कुणाचा जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कायद्याचं मोल सांगावं लागणार नाही. 2022 मध्ये या 'बागेत' पावाच्या कारागिरीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांतून परंपरेचं कौतुक झालं. मला त्यात त्या दोन कायद्यांचा उल्लेख हवा होता.

घरात जे बनतं त्यातही बडेजाव नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या मुलाला पहिला केक शिकवला तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून पाहत होते. इथे बहुतेक मुलं हाच केक पहिल्यांदा शिकतात, गातो ओ याऊर्त, दह्याचा केक. वजनकाटा नाही, अमेरिकन मापाचे कप नाहीत. आजींनी सव्वाशे ग्रॅमची दह्याची डबी उघडली, दही भांड्यात ओतलं आणि ती रिकामी डबी मुलाच्या हातात दिली. तेच माप. दोन डब्या साखर, तीन डब्या मैदा, अर्धी डबी तेल, तीन अंडी, बेकिंग पावडरची एक पुडी. मुलाने पीठ भरताना डबीच्या काठावर बोट फिरवून सपाट केलं, आजींनी त्याचं बोट धरून थांबवलं: दाबू नकोस, हलकं राहू दे. मला माझ्या आईची वाटी आठवली. सांगलीच्या घरी स्टीलची एक वाटी होती, तिच्या काठाला पोचा होता, आणि तांदूळ, डाळ, रवा, साखर सगळं त्याच वाटीने मोजलं जायचं. अमेरिकेत गेल्यावर मी कप आणि चमचे विकत घेतले आणि माझा हात हरवला. तो या दह्याच्या डबीने परत दिला असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पण आजींकडे तो बुधवारचा दिवस होता, शाळा नव्हती, आणि त्या निवृत्त आहेत. शिकवायला वेळ लागतो. अमेरिकन बाईकडे हा वेळ नसतो, इच्छा असते.

याचा पुरावा अमेरिकेतच आहे. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा सण. लिओंला आल्यावर पहिल्याच वर्षी मी थँक्सगिव्हिंगसाठी खाटकाकडे अख्खी टर्की मागितली. ते म्हणाले, अख्खी टर्की नाताळात. नोव्हेंबरात पक्षी अजून लहान असतात, पण सांगून ठेवलंत तर बघतो. मग त्यांनी मला दोन प्रश्न विचारले: किती माणसं, आणि ओव्हन केवढा. मी हाताने ओव्हनची रुंदी दाखवली. पाच किलोच्या वर नको, ते म्हणाले. डब्यातला भोपळ्याचा गर इथे सहज मिळत नाही, म्हणून मी बाजारातून लाल भोपळ्याची फाक आणून वाफवली, जसा आपण घाऱ्यांसाठी वाफवतो. गुरुवारी इथे सुटी नसते, म्हणून जेवण शनिवारी केलं. आठ अमेरिकन आले. त्यात एक अशी होती जी एरवी रोज रात्री तयार जेवण गरम करून खाते. तिने मक्याच्या पावाचं सारण केलं, आजीच्या पद्धतीने, चव पाहत पाहत, कुठेही न अडखळता.

मला त्या दिवशी लख्ख दिसलं. अमेरिकेला स्वयंपाक येतो. वर्षातून एक दिवस सगळा देश घरात स्वयंपाक करतो, पुरुषही करतात, तीन पिढ्या एका टेबलाशी बसतात. हे जमतं कारण तो दिवस कायद्याने मोकळा ठेवलेला आहे. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, चौथा गुरुवार पक्का केला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सही केली. उरलेल्या दिवसांचं काय? फेडरल कायद्यात जेवणाच्या सुटीची सक्तीच नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ती देतात. न्यू जर्सीत ती अठरा वर्षांखालच्या कामगारांपुरती आहे. एक गुरुवार राखला तर स्वयंपाक होतो, बाकीच्या दिवशी होत नाही, हे दिसत असताना दोष बायकांच्या आळसाला देणं मला मान्य नाही.

ज्युलिया चाइल्ड ही अमेरिकन बाई 1948 साली नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे पॅरिसला आली. तिला स्वयंपाक येत नव्हता. फ्रान्समध्ये ती शिकली, 1961 मध्ये दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर तिचं पाकपुस्तक आलं, 1963 पासून बोस्टनच्या दूरदर्शन केंद्रावरून तिने अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवला. आज तिचं अख्खं स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मी तिची ऋणी आहे. पण साठ वर्षांत अमेरिकेने फ्रान्सकडून घेतल्या त्या पाककृती. दीड तासाची शाळेची सुटी घेतली नाही, पाववाल्याचा कायदा घेतला नाही, 1967 पासून इथे चालू असलेली जेवणाची कुपनं, ज्यांचा निम्मा किंवा थोडा जास्त भार मालक उचलतो, ती घेतली नाहीत. कृती छापता येते, विकता येते, आणि ती जमली नाही तर जबाबदारी करणारीची असते.

आता फ्रान्सच्या बाजूने सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. इथल्या सरकारी पाहणीतही घरकामाचा जवळजवळ दोन तृतीयांश भार बायकांवरच निघाला होता. बुधवारी प्राथमिक शाळा बंद किंवा अर्धी असते, आणि त्यासाठी नोकरीचा एक दिवस आणि पगाराचा पाचवा हिस्सा सोडणाऱ्या बहुतेक करून आयाच असतात. माझ्या ऑफिसात बुधवारी रिकामी असणारी टेबलं कुणाची हे मी मोजलेलं आहे. दुपार राखली म्हणून घर आपोआप समान होत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. एका टेबलावर सगळ्यांनी बसायचं ही कल्पना सुंदर आहे, पण त्या टेबलावर काय वाढायचं हे कोण ठरवणार? 2015 मध्ये शालों-सुर-सोन या गावाच्या महापौरांनी शाळेच्या कँटीनमधून डुकराच्या मांसाला असलेला पर्याय बंद केला. मुसलमान आणि ज्यू मुलांनी काय करायचं? प्रकरण न्यायालयांतून वर गेलं आणि डिसेंबर 2020 मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निर्णय दिला की असा पर्याय देणं गावांवर बंधनकारक नाही, पण तो द्यायला मनाईही नाही. माझ्या मते गावांनी तो द्यावा. जिथे घरच्या डब्याला परवानगी नाही तिथे सरकारने प्रत्येक मुलाला पोटभर जेवता येईल असं काहीतरी वाढलंच पाहिजे. हा हक्क डबा काढून घेण्याच्या मोबदल्यातच येतो. फेब्रुवारी 2021 मध्ये आमच्याच लिओंमध्ये याच्या उलट गदारोळ झाला. कोरोनाच्या अंतरामुळे मुलांना भरभर वाढावं लागत होतं, म्हणून महापालिकेने तात्पुरता सगळ्यांना एकच, मांस नसलेला मेन्यू ठेवला. मासे, अंडी होतीच. तरी कृषिमंत्र्यांपर्यंत सगळे तुटून पडले. शेतकरी ट्रॅक्टर आणि गुरं घेऊन नगरभवनासमोर आले.

त्या आठवड्यात मला अमेरिकेतून फोन आले. तिथल्या मैत्रिणींना हे सगळं विचित्र वाटलं. सरकारने मुलांच्या ताटात नाक खुपसूच नये, हे त्यांचं म्हणणं. मी हे म्हणणं गंभीरपणे घेते, कारण स्वातंत्र्याची ती भावना खरी आहे. पण ताट रिकामं कधीच राहत नाही. सरकार बाजूला झालं की तिथे कंपन्या येतात, आणि त्यांच्याशी भांडायला पालक सभा नसते. लिओंमध्ये भांडण झालं, मंत्री चुकले की महापौर, यावर माझ्या शेजाऱ्यांमध्ये दोन तट पडले, पण मुलं काय खातात हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे याबद्दल एकाचंही दुमत नव्हतं.

आणि हे भांडण होऊ शकतं याचं कारण त्या कँटीनमध्ये सगळ्यांची मुलं जेवतात. पैसे उत्पन्नानुसार: कमी कमावणाऱ्याला कमी, आम्हाला जास्त. ताट एकच. न्यू जर्सीत शाळेचं जेवण मुख्यतः ज्यांना सवलतीत मिळतं त्यांचं, असं आम्ही डबेवाले पालक मानायचो. 1946 पासून चालत आलेली ती योजना लाखो मुलांचं पोट भरते. तरी तिच्या दर्जासाठी मी एकदाही सभेत उभी राहिले नाही, कारण माझं मूल ते खात नव्हतं. याची मला आज लाज वाटते.

इथे महाराष्ट्राचा विषय आपोआप येतो. आपल्याकडे शालेय पोषण आहार आहे. 1995 मध्ये देशपातळीवर सुरू झालेली योजना, 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न, आज पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत. एवढं मोठं काम जगात फार थोड्या देशांनी केलं आहे. पण मध्यमवर्गाची मुलं तिथे नाहीत. ती खाजगी शाळांत आहेत, वीस मिनिटांच्या मधल्या सुटीत मांडीवर डबा घेऊन, आणि त्या डब्यात काय आहे यावरून शिक्षिका आईला चिठ्ठी पाठवते. दोन्हीकडे मूल भरडलं जातं. खिचडी पातळ झाली तर तिच्यासाठी भांडायला आवाज असलेले पालक नाहीत, आणि ज्यांना आवाज आहे ते पहाटे पाचला उठून पोळ्या लाटत आहेत.

माझ्या लहानपणी सांगलीत दुकानं दुपारी बंद व्हायची. बाबा सायकलवरून घरी जेवायला यायचे. पुण्याच्या दुकानदारांच्या एक ते चारच्या पाटीवर आपण इतकं हसलो की ती पाटी बऱ्याच ठिकाणी गेली. लिओंमधला माझा चीजवाला साडेबाराला शटर ओढतो आणि तीनला उघडतो. कुणी हसत नाही. मला पटकन काही हवं असतं तेव्हा त्रास होतो, हे खरं. पण तो माणूस त्या वेळात जेवतो, हे मला माहीत आहे. आज हिंजवडीतली माझी भाची मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून जेवते. तिच्या कंपनीत कँटीन उत्तम आहे, अकरा प्रकारचं मिळतं. तिला हवी आहे अर्ध्या तासाची शाश्वती, की या वेळात कुणी तिला हाक मारणार नाही. ती शाश्वती एकटीने मागायची सोय नसते. सगळ्यांना एकदम मिळाली तरच ती मिळते, म्हणूनच तिला कायदा लागतो.

काही वर्षांपूर्वी आई दोन महिन्यांसाठी आली होती. रोज सकाळी मुलाला सोडायला माझ्याबरोबर यायची आणि फाटकावरचा मेन्यू माझ्याकडून मराठीत वाचून घ्यायची. एका रविवारी खालच्या आजींनी आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावलं. आई शाकाहारी, म्हणून त्यांनी बटाट्याचं ग्रातँ केलं होतं, दूध, साय, लसूण आणि जायफळ घालून. आणि इथलं सेर्व्हेल द कान्यू, मऊ ताज्या चीजमध्ये कांद्याची पात, लसूण, थोडं व्हिनेगर. आईने चमच्याच्या टोकाने चाखलं आणि म्हणाली, कोशिंबिरीचं दही आहे की हे.

सगळ्यांच्या ताटल्या भरल्या. आईने चमचा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. सांगलीत ती सगळ्यांचं आटोपल्यावर, तीनच्या सुमारास, ओट्याशी एकटी जेवायची. पंचेचाळीस वर्षं. टेबलावरचे बाकीचेही थांबले होते. वयाने मोठ्या पाहुण्याने पहिला घास घ्यावा म्हणून आजी तिच्याकडे पाहत होत्या. ती त्यांच्याकडे.

"त्यांना सांग, तुम्ही सुरू करा," आई मला हळूच म्हणाली. "मी बसते नंतर."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं नाही. पावाची टोपली उचलली आणि आधी तिच्यापुढे धरली.